माउंटन बाइकचे डिस्क ब्रेक किंचाळत असतील तर: पॅड बदलण्याआधी कोणत्या क्रमाने काय तपासावे

नागपुरात डिस्क ब्रेकच्या आवाजाची तक्रार वर्षातून तीन वेळा हमखास येते. पहिल्यांदा एप्रिल-मे महिन्यांत, धूळ वाढल्यावर. दुसऱ्यांदा पहिल्या दमदार पावसानंतर. आणि तिसऱ्यांदा डिसेंबरात, जेव्हा पहाटे अंबाझरी किंवा गोरेवाड्याकडे निघालेल्या सायकलींवर दव साचू लागते. तिन्ही वेळी कानाला आवाज जवळपास एकच वाटतो, कारणे मात्र निराळी असतात. तरीही बहुतेक दुकानांत उपाय एकच केला जातो, तो म्हणजे नवे पॅड, म्हणजे डिस्कवर दाबले जाणारे घर्षणाचे तुकडे, बसवणे. त्याने आठवडाभर शांतता मिळते आणि मग तोच आवाज पुन्हा सुरू होतो, कारण डिस्कवर (चाकासोबत फिरणाऱ्या धातूच्या चकतीवर) बसलेले तेल किंवा सैल राहिलेला बोल्ट जिथल्या तिथेच असतो. पॅड आणि डिस्क यांचा विचार नेहमी जोडीने करावा लागतो. एकीवरची घाण दुसऱ्यात उतरते, हे ध्यानात ठेवले तर निम्मा खर्च वाचतो.

हे लेखन सहा बोल्टच्या किंवा सेंटरलॉक (मध्यभागी एकाच रिंगने आवळल्या जाणाऱ्या) डिस्कच्या, केबलवर किंवा हायड्रॉलिकवर, म्हणजे द्रवाच्या दाबावर, चालणाऱ्या सर्वसाधारण माउंटन बाइकसाठी आहे. तपासण्या सोप्या आणि स्वस्त कामांपासून अवघड कामांकडे जातात. मधली पायरी गाळून पुढे उडी मारू नये, कारण आवाज कोणत्या पायरीवर थांबला हे कळले तरच खरे कारण सापडल्याची खात्री पटते.

लक्षणे

आवाज पुढच्या चाकातून येतो की मागच्या, हे सर्वांत आधी ठरवावे. सायकलवर बसून ऐकल्यास फ्रेम आवाज इतका फिरवते की मागचा ब्रेक पुढून बोलत असल्यासारखा वाटतो. त्यामुळे सायकल हातात धरून चालण्याच्या गतीने ढकलावी आणि एका वेळी एकच ब्रेक दाबावा. त्यानंतर ते चाक जमिनीवरून उचलून ब्रेक न दाबता फिरवावे आणि पुन्हा ऐकावे.

ब्रेक दाबल्यावर तीक्ष्ण किंचाळी येत असेल आणि त्याच वेळी पकडही कमी वाटत असेल, तर पॅडवर किंवा डिस्कवर तेलकट थर आहे, असे गृहीत धरून चालावे. किंचाळी येते पण पाच-सहा वेळा ब्रेक दाबल्यावर आपोआप जाते, तर तो केवळ ओलावा आहे. ब्रेक दाबताना आवाजापेक्षा थरथर अधिक जाणवत असेल, फोर्क (पुढचे चाक धरणारा दुभागी भाग) किंवा फ्रेमचा मागचा त्रिकोण गुरगुरत असेल, तर कुठलातरी बोल्ट सैल आहे किंवा डिस्कवरचा थर असमान बसला आहे.

ब्रेक न दाबताच आवाज येत असेल तर प्रश्न वेगळा आहे. चाकाच्या प्रत्येक फेरीला ठरावीक जागी एकदाच 'सर्र' होत असेल तर डिस्क किंचित वाकली आहे. घासण्याचा आवाज अखंड येत असेल तर कॅलिपर (पॅड धरणारा, डिस्कच्या दोन्ही बाजूंनी बसणारा भाग) मध्यभागी नाही किंवा त्यातला पॅडला ढकलणारा पिस्टन मागे सरकत नाही.

खरखर करणारा, धातूवर धातू घासल्याचा आवाज मात्र या सर्वांपेक्षा गंभीर आहे. तो ऐकू आला तर सायकल तिथेच थांबवावी आणि ढकलत घरी न्यावी. पॅडवरील घर्षणाचा थर संपून त्यामागची धातूची पट्टी डिस्कवर घासत असते. असे थोडे अंतर चालवले तरी डिस्कवर चरे पडतात आणि काहीशे रुपयांचे काम वाढून डिस्कही बदलावी लागते.

आधी ओलावा आणि धूळ यांना वेळ द्यावा

दवात किंवा पावसात भिजलेल्या ब्रेकने आवाज करणे ही बिघाडाची खूण नाही. पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असला की पॅड सलग घासत नाही. क्षणभर चिकटतो, क्षणभर सुटतो, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा होत राहिल्याने डिस्कची पातळ पट्टी कंप पावू लागते. फरशीवर ओढलेली लाकडी खुर्ची ज्या कारणाने किंचाळते, त्याच कारणाने ब्रेकही किंचाळतो. त्यामुळे सकाळी निघाल्यावर पहिल्या काही मिनिटांत ब्रेक अधूनमधून ठामपणे दाबून वाळवावेत आणि त्यानंतरही आवाज टिकला तरच पुढे तपास करावा.

पावसाळ्यात हिंगणा, मोहगाव झिल्पी या बाजूच्या वाटांवर काळी माती कॅलिपरमध्ये जाऊन बसते आणि वाळली की दगडासारखी होते. ती सुकी असताना खरवडू नये. साध्या पाण्याने, कमी दाबाने, भरपूर भिजवून काढावी. मुरमाच्या वाटांवरचे बारीक खडे पॅड आणि डिस्क यांमध्ये अडकतात, तेव्हा चाक उलट दिशेने एक-दोन फेऱ्या फिरवल्यावर खडा बरेचदा आपसूक गळून पडतो.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. मोटरसायकलच्या वॉशिंग सेंटरवर डिस्क ब्रेकची सायकल धुवायला देऊ नये. तिथे पाण्याचा मारा बेअरिंगमधले ग्रीस धुऊन काढतोच, शिवाय धुऊन झाल्यावर चमक येण्यासाठी गाडीवर डिझेल किंवा पॉलिश फवारण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. सोसायटीतल्या एका मुलाची नवी सायकल अशी 'चकाचक' होऊन आली तेव्हा दोन्ही ब्रेक रस्त्याच्या पलीकडून ऐकू येतील इतके किंचाळत होते आणि उतारावर लागतही नव्हते. पॅड इतके भिजले होते की ते वाचवता आले नाहीत. चेनवर मारायचा स्प्रेसुद्धा हेच करतो, फक्त हळूहळू. मागचा ब्रेक पुढच्यापेक्षा अधिक वेळा बिघडण्याचे हे मुख्य कारण आहे. चेनला तेल द्यायचे असेल तर फवारू नये, थेंबाथेंबाने कड्यांवर सोडावे आणि वरचे तेल फडक्याने पुसून घ्यावे.

चाक आणि बोल्ट

ही तपासणी फुकट आहे आणि तरीही सर्वाधिक दुर्लक्षित आहे. क्विक रिलीज (अवजाराशिवाय चाक सोडवण्याचा खटका) असेल तर तो सोडावा, सायकल जमिनीवर उभी ठेवून वरून थोडा भार द्यावा म्हणजे चाकाचा आस फोर्कच्या खाचेत पूर्ण बसतो, आणि मग तो पुन्हा आवळावा. चाक अर्धा मिलिमीटर जरी तिरपे बसले तरी डिस्क कॅलिपरमध्ये तिरपी येते. ट्यूबचे पंक्चर काढल्यानंतर लगेच सुरू झालेला आवाज बहुधा एवढ्यानेच थांबतो.

त्यानंतर डिस्कला हबशी, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाशी, जोडणारे सहा बोल्ट तपासावेत. त्यांना टी-२५ आकाराची, टोकाला तारा असलेली टॉर्क्स चावी लागते. ती हार्डवेअरच्या दुकानात मिळते. बोल्ट ओळीने आवळत न जाता समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून आवळावेत, म्हणजे डिस्क हबवर सपाट बसते. शिमानोच्या बोल्टसाठी २ ते ४ न्यूटन-मीटर आणि स्रॅमसाठी सुमारे ६.२ न्यूटन-मीटर इतका पीळ (टॉर्क) सांगितलेला असतो. टॉर्क रेंच नसेल तर चावीच्या आखूड बाजूने हाताला घट्ट लागेल इतकेच आवळावे. लांब दांडा लावून जोर केल्यास हबच्या अॅल्युमिनिअममधले आटे सोलवटतात, आणि मग सबंध हब बदलण्याची वेळ येते. कॅलिपरचे दोन बोल्टही याच वेळी पाहून घ्यावेत. त्यांना ५ मिलिमीटरची एलन की लागते आणि शिमानोच्या कॅलिपरसाठी ६ ते ८ न्यूटन-मीटर पीळ योग्य मानला जातो. सेंटरलॉक डिस्कच्या रिंगला मात्र ४० न्यूटन-मीटर पीळ लागतो, तो हाताने अंदाजे देता येत नाही.

डिस्कवर फिरण्याच्या दिशेचा बाण कोरलेला असतो. दुकानातून घाईत जोडून आलेल्या सायकलींवर डिस्क उलटी बसवलेली अधूनमधून आढळते. तिच्या हातांची, म्हणजे मधून घासणाऱ्या पट्ट्याकडे जाणाऱ्या आऱ्यांची, रचना एकाच दिशेचा ताण घेण्यासाठी केलेली असते. उलट बसवल्यास ती जास्त कंप पावते आणि लवकर वाकते.

पॅड किती उरले आहेत

चाक काढावे, कॅलिपरमागे पांढरा कागद धरावा आणि दुसऱ्या बाजूने टॉर्चचा प्रकाश टाकावा. कागदावर दोन्ही पॅड आणि त्यामधली फट स्पष्ट दिसते. हायड्रॉलिक ब्रेक असेल तर चाक काढलेले असताना लिव्हर मुळीच दाबू नये. दाबल्यास पिस्टन एकमेकांकडे सरकून पॅड मिटतात आणि डिस्क पुन्हा आत जात नाही. चुकून दाबले गेलेच तर प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने पॅड हलकेच मागे ढकलावेत. स्क्रूड्रायव्हरने ढकलू नयेत.

शिमानोच्या मार्गदर्शनानुसार पॅडवरील घर्षणाचा थर ०.५ मिलिमीटर उरला की पॅड बदलायचा असतो. आपण तोवर थांबू नये. १ मिलिमीटर उरला की नवे पॅड आणून ठेवावेत, कारण चिखलातल्या एकाच लांब फेरीत शेवटचा थर भराभर झिजतो. एकच पॅड अधिक झिजला असेल किंवा दोन्ही तिरपे झिजले असतील तर कॅलिपर मध्यभागी नाही, हे तिथल्या तिथे कळते. दोन पॅडमधली पत्र्याची स्प्रिंग वाकून डिस्कला टेकते आहे का, तेही याच वेळी पाहावे. पॅड बदलताना ती चुकीची बसते आणि बारीक, सतत खरडण्याचा आवाज देत राहते.

नवे पॅड घेताना डिस्कवर कोरलेला मजकूर आधी वाचावा. शिमानोच्या स्वस्त डिस्कवर इंग्रजीत 'रेझिन पॅड ओन्ली' असे लिहिलेले असते. अशा डिस्कचे पोलाद मऊ असते. तिच्यावर 'जास्त टिकतील' म्हणून मेटलचे पॅड लावले की डिस्क झपाट्याने झिजते आणि आवाजही वाढतो. सर्वसाधारणपणे रेझिन पॅड शांत असतात, पण पावसात आणि चिखलात लवकर संपतात. मेटल पॅड टिकतात, उष्णता सोसतात, परंतु थंड आणि ओले असताना आवाज करतात. शहरात आणि आसपासच्या वाटांवर फिरणाऱ्यांना रेझिन पुरतात. चिखलदऱ्याच्या घाटासारखा लांबलचक उतार वारंवार उतरणाऱ्याने मेटलचा विचार करावा, अर्थात डिस्क त्यासाठी योग्य असेल तरच.

डिस्क पुसणे

वरच्या गोष्टी ठीक असतील तर आता थोडा पैसा खर्च करावा. आयसोप्रोपिल अल्कोहोलची, म्हणजे आयपीएची बाटली घ्यावी. नागपुरात सीताबर्डीवर मोबाइल दुरुस्तीचे सामान विकणाऱ्या दुकानांत ती मिळते, कारण सर्किट बोर्ड पुसायला तेच द्रव वापरले जाते. पेट्रोल, रॉकेल किंवा थिनर यांना पर्याय समजू नये. ते वाळल्यावर मागे तेलकट अंश ठेवू शकतात आणि नेमका तोच अंश आपल्याला नको असतो. हात स्वच्छ करण्याचे सॅनिटायझर जेलही चालत नाही, कारण त्यात त्वचेसाठी ग्लिसरीनसारखे पदार्थ मिसळलेले असतात.

डिस्क पूर्ण थंड असावी आणि जवळपास आग नसावी, आयपीए सहज पेट घेते. फडके सुती, धुतलेले आणि फॅब्रिक सॉफ्टनर न लावलेले असावे. डिस्कच्या दोन्ही बाजू पुसाव्यात आणि प्रत्येक वेळी फडक्याची नवी, कोरी बाजू वापरावी. पहिल्या पुसण्यात फडक्यावर काळसर राखाडी पट्टा उमटतो, तो पॅडचाच चुरा असतो आणि त्याची काळजी करण्याचे कारण नाही. त्या पट्ट्याच्या कडेला पिवळट, पसरत जाणारी झाक दिसली तर ते तेल आहे. फडके जवळपास कोरे निघेपर्यंत पुसत राहावे. डिस्कच्या घासणाऱ्या पट्ट्याला त्यानंतर बोटे लावू नयेत, हातांवरचे तेल किंवा सनस्क्रीनही पुरेसे ठरते. फिरत्या डिस्कमध्ये बोट घालून 'वाकडी आहे का' हे पाहण्याची सवय तर पूर्णपणे सोडावी. डिस्कच्या छिद्रांच्या कडा बोट कापण्याइतक्या धारदार असतात.

पॅड घासणे, आणि केव्हा टाकून देणे

पॅडच्या पृष्ठभागावर काचेसारखी चमक दिसत असेल तर तो भाजून गुळगुळीत झाला आहे. नागपूरसारख्या सपाट शहरात हा दोष फार दिसतो, कारण येथे ब्रेक ठामपणे दाबण्याची वेळच कमी येते. सिग्नलपर्यंत दोन बोटांनी हलकेच ओढत नेण्याची सवय लागते, पॅड तापतो पण त्याचा वरचा थर झिजत नाही. मग तो कडक होतो आणि किंचाळू लागतो.

पॅड बाहेर काढावेत. स्वयंपाकघरातल्या ओट्यासारख्या सपाट दगडावर १२० ते १५० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर पॅड सारख्या दाबाने गोलाकार फिरवावा. पेपर किंचित ओला ठेवला तर चुरा हवेत उडत नाही. हा चुरा तोंडाने फुंकू नये. चमक जाऊन सर्वत्र एकसारखा, निस्तेज रंग आला की पुरे, त्याहून अधिक घासण्याने पॅड वाया जातो. मग आयपीएने पुसून वाळवावा.

घासल्यावरही एखादा काळपट, ओलसर डाग तसाच राहिला किंवा थोड्या वेळाने पुन्हा वर आला, तर तेल आतपर्यंत शिरले आहे आणि तो पॅड गेला असे समजावे. गॅसच्या शेगडीवर पॅड भाजून तेल जाळण्याचा उपाय व्हिडिओंमधून पुष्कळ पसरला आहे. तो करू नये. रेझिन पॅडमधला चिकट पदार्थ उष्णतेने कमजोर होतो, घर्षणाचा थर मागच्या पट्टीपासून सुटू शकतो, आणि निघणारा धूर घरात कोंडतो. नव्या पॅडच्या किमतीसाठी उतारावर निकामी होऊ शकणारा ब्रेक पत्करण्यात शहाणपण नाही.

पॅड नवे असोत की घासलेले, त्यांना डिस्कशी जुळवून घेतल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. ठाम पण नियंत्रित ब्रेकिंगमध्ये पॅडचा अतिशय पातळ थर डिस्कवर सारखा बसतो आणि पुढे पॅड त्या थरावर घासतो; तो थर बसला नाही किंवा असमान बसला तर ब्रेक कितीही स्वच्छ असले तरी आवाज करतात. पहाटे रिकाम्या रस्त्यावर, सेमिनरी हिल्सच्या भागात किंवा वस्तीबाहेरच्या एखाद्या सरळ रस्त्यावर जावे. ताशी साधारण २० किलोमीटर वेग घ्यावा, एकच ब्रेक दाबून चालण्याच्या गतीपर्यंत यावे, पण पूर्ण थांबू नये आणि चाक लॉक होऊ देऊ नये. असे वीसेक वेळा करावे, मग वेग थोडा वाढवून आणखी दहाएक वेळा. दुसऱ्या ब्रेकसाठी हेच पुन्हा करावे. पूर्ण थांबल्यास तापलेला पॅड डिस्कवर एकाच जागी आपला ठसा सोडतो आणि मग प्रत्येक फेरीला तिथे धक्का जाणवतो. अनेक सायकलवाले दुर्लक्षित करतात ती हीच पायरी, आणि 'नवे पॅड टाकूनही आवाज गेला नाही' या तक्रारीत प्रथम याबद्दलच विचारावे लागते.

कॅलिपर मध्यभागी आणणे

हायड्रॉलिक ब्रेकमध्ये दोन्ही बाजूंचे पिस्टन हलतात, त्यामुळे काम सोपे आहे. कॅलिपरचे दोन्ही बोल्ट इतके सैल करावेत की तो हाताने हलेल. लिव्हर घट्ट दाबून धरावी, म्हणजे कॅलिपर आपणहून डिस्कच्या रेषेत येतो, आणि तशीच दाबलेली ठेवून बोल्ट पाव-पाव फेरीने आलटून पालटून आवळावेत. एकच बोल्ट एकदम आवळल्यास कॅलिपर त्या बाजूला फिरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. लिव्हर सोडून पांढऱ्या कागदाने फट पुन्हा पाहावी. अजून घासत असेल तर बोल्ट किंचित सैल करून डोळ्यांनी मध्य साधावा.

केबलचे मेकॅनिकल डिस्क ब्रेक आपल्याकडच्या बहुतेक सुरुवातीच्या किमतीच्या सायकलींवर असतात आणि त्यांचा दोष वेगळा आहे. त्यांच्यात बहुधा फक्त बाहेरचा पॅड हलतो. आतला स्थिर असतो आणि स्पोकच्या बाजूने फिरवण्याच्या चकतीने किंवा एलन कीने पुढे-मागे करता येतो. आतला पॅड झिजून डिस्कपासून दूर गेला की प्रत्येक ब्रेकच्या वेळी बाहेरचा पॅड डिस्कला वाकवून आतल्या पॅडवर दाबतो. डिस्क कंप पावते, आवाज येतो आणि ती कायमची वाकू लागते. आतला पॅड डिस्कला स्पर्श न करता शक्य तितका जवळ आणावा, आणि त्यानंतरच केबल ताणावी. अनेक मिस्त्री फक्त केबल ताणतात. लिव्हर तेवढ्याने कडक लागते, आवाज मात्र तसाच राहतो.

वाकलेली डिस्क आणि अडकलेला पिस्टन

प्रत्येक फेरीला एकदाच घासणारी डिस्क घरी सरळ करता येते, पण त्यासाठी संयम लागतो. चाक हळू फिरवून नेमकी कोणती जागा कोणत्या पॅडला टेकते ते पाहावे आणि मार्करने डिस्कच्या हाताजवळ, घासणाऱ्या पट्ट्यापासून दूर, खूण करावी. डिस्क सरळ करण्याचा खाचेचा पान्हा मिळाला तर उत्तम. नसेल तर आयपीएने पुसलेला छोटा अॅडजस्टेबल पान्हा चालतो. दाब अगदी थोडा द्यावा, पुन्हा फिरवून पाहावे, मग पुन्हा थोडा. डिस्क नेमकी विरुद्ध बाजूला वाकते ती नेहमी घाईमुळे. सायकल ट्रॅव्हल्सच्या डिकीत किंवा कारच्या मागे आडवी टाकून नेल्यावर अशी वाकलेली डिस्क हमखास पाहायला मिळते, म्हणून प्रवासात चाक काढल्यावर डिस्कवर दुसरे काही ठेवू नये.

शिमानोच्या नेहमीच्या डिस्कची नवी असताना जाडी १.८ मिलिमीटर असते आणि १.५ मिलिमीटरवर ती बदलायची असते. ही मर्यादा बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. व्हर्नियरने पट्ट्याच्या मधोमध मोजावे, कडेला मोजल्यास न झिजलेला काठ दिशाभूल करतो.

हायड्रॉलिकमध्ये एक पॅड सतत टेकून राहत असेल तर त्या बाजूचा पिस्टन धुळीने जड झाला आहे, असे समजावे. इथे अपवाद म्हणून चाक आणि पॅड काढून लिव्हर अगदी थोडी दाबावी, पिस्टन एक-दोन मिलिमीटर बाहेर येऊ द्यावा, त्याची कड कापसाच्या काडीने पुसावी, त्याच ब्रेकच्या द्रवाचा एक थेंब काडीनेच कडेला लावून तो प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने मागे ढकलावा. हे दोन-तीन वेळा केल्यावर पिस्टन मोकळा होतो. उरलेला द्रव पूर्ण पुसून घेतल्याशिवाय पॅड परत बसवू नयेत. लिव्हर जास्त दाबली तर पिस्टन थेट बाहेर पडतो आणि सगळे तेल जमिनीवर येते, म्हणून ज्यांचा हात या कामाला बसलेला नाही त्यांनी इथेच थांबलेले बरे.

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा दुपारभर उन्हात उभ्या केलेल्या सायकलीचे ब्रेक घासू लागतात आणि संध्याकाळी ठीक होतात, अशीही तक्रार येते. लिव्हरच्या टाकीत द्रव गरजेपेक्षा जास्त भरला असेल तर उष्णतेने फुगून तो पिस्टनला बाहेर ढकलतो. सायकल सावलीत लावणे हा तात्पुरता उपाय. कायमचा उपाय म्हणजे जास्तीचा द्रव काढून घेणे, आणि ते काम मिस्त्रीचे आहे.

कुठे थांबावे

कॅलिपरच्या खाली किंवा पॅडच्या मागच्या बाजूला ताजे तेल दिसले तर पुढे काहीही करू नये. पिस्टनचे सील गळत असताना कितीही पॅड बदलले तरी ते आतून भिजत राहतात; शिमानोच्या बहुतेक कॅलिपरचे सील सुटे मिळत नाहीत, कॅलिपरच बदलावा लागतो. पुढच्या ब्रेकवर येणारे तेल कधी कधी सस्पेन्शन फोर्कच्या तळाच्या बोल्टमधून झिरपते, तेव्हा दोष ब्रेकचा नसून फोर्कचा असतो आणि फोर्क उघडणे हे घरचे काम नव्हे.

लिव्हर दाबल्यावर मऊ लागत असेल, हँडलला टेकत असेल किंवा दोन-तीनदा दाबल्यावरच कडक होत असेल तर आत हवा आहे आणि ब्लीडिंग, म्हणजे ती हवा बाहेर काढण्याचे काम, करावे लागेल. डिस्कला तडा असेल, पकड अचानक नाहीशी होत असेल, किंवा डिस्क १.५ मिलिमीटरखाली गेली असेल तर सायकल चालवत दुकानापर्यंतही नेऊ नये. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवल्यावर हँडलच्या खाली 'टक्' असा खेळ जाणवत असेल तर हेडसेट (हँडल आणि फोर्क फिरतात ते बेअरिंग) सैल आहे. चाक बाजूने हलवल्यावर खेळ जाणवत असेल तर हबचे बेअरिंग. ही दोन्ही कामे शिकता येतात, पण ब्रेकचा आवाज घालवताना पहिल्यांदाच करून पाहण्यासारखी नाहीत. फ्रेमवरच्या कॅलिपरच्या बैठका रंगाच्या थरामुळे तिरप्या असतील तर त्या विशेष हत्याराने सपाट कराव्या लागतात आणि ते हत्यार मोजक्याच दुकानांत असते, म्हणून आधी फोन करून विचारावे. लहान मुलाच्या सायकलीच्या बाबतीत तर शंका आली की थेट मिस्त्रीकडेच जावे.

दुकानात सायकल देताना दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. पहिली, आवाज कधी येतो: थंड असताना की तापल्यावर, ब्रेक दाबताना की न दाबता, ओल्यात की कोरड्यात. दुसरी आणि अधिक महत्त्वाची, ब्रेकमध्ये कोणता द्रव चालतो. शिमानो, टेक्ट्रो आणि मगुरा मिनरल ऑइल वापरतात. स्रॅमच्या बहुतेक ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड असते, काही नव्या मॉडेलमध्ये मात्र मिनरल ऑइल आले आहे, त्यामुळे लिव्हरच्या झाकणावर काय लिहिले आहे ते वाचूनच सांगावे. मोटरसायकलसाठी ठेवलेले डॉट फ्लुइड मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये गेले तर रबरी सील फुगतात आणि सबंध ब्रेक बाद होतो. सायकल परत घेताना जुने पॅड मागून घ्यावेत. त्यांची झीज तिरपी दिसली तर कॅलिपर आपल्यासमोर मध्यभागी आणून, चाक फिरवून दाखवल्याशिवाय बिल चुकते करू नये.